घरच्या संगीत सर्व्हरला हेडफोन जोडताना पैसे कुठे लागतात

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान 2016 मध्ये बंद झालं. तोवर ज्यांनी मन लावून सीडी जमवल्या, त्यांच्या घरी आज दोन-तीन खोकी भरून माल आहे आणि तो वाजवायला काही नाही. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, जुन्या प्लेअरची लेन्स गेलेली असते. ॲपवर सगळं मिळतं म्हणतात, पण एखाद्या बैठकीचं ध्वनिमुद्रण किंवा पुण्याच्या अलूरकरांनी काढलेली एखादी सीडी शोधायला गेलं की तिसरंच काहीतरी समोर येतं. म्हणून सीडी डिस्कवर उतरवायच्या, घरातल्या छोट्या सर्व्हरवर ठेवायच्या आणि रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून ऐकायच्या, असा बेत बरेच जण करतात.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: चांगला डॅक केवढ्याला पडेल? माझ्या मते या मांडणीत सगळ्यांत कमी डोकं डॅकला लावावं. आवाजातला खरा फरक हेडफोनमुळे पडतो. खिशाला खरी कात्री लागते ती डिस्क, तिची दुसरी प्रत, वीज आणि शे-दीडशेच्या किरकोळ वस्तूंमुळे, ज्यांचा भाव कोणी आधी सांगतच नाही.

साखळी साधी आहे. गाण्याच्या फाइली डिस्कवर असतात. सर्व्हर त्या वाचून यूएसबीतून डॅककडे पाठवतो. डॅक आकड्यांचा विद्युत संकेत करतो, ॲम्प त्याला हेडफोन हलवण्याइतकं बळ देतो. घरगुती वापरासाठी डॅक आणि ॲम्प एकाच डबीत मिळतात आणि तेच घ्यावेत. वेगवेगळे घेतले की मध्ये आरसीएची तार, दुसरा अडॅप्टर आणि टेबलावर दुप्पट जागा, एवढंच पदरात पडतं.

पुढचे भाव भारतातल्या विक्रेत्यांकडचे, जीएसटी धरून आणि ढोबळ आहेत. मेमरीचे भाव चढल्यापासून रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि एसएसडी यांच्या किमती हलत्या आहेत, तेव्हा घ्यायच्या दिवशी पुन्हा पाहून घ्या.

सर्व्हर: घरात आधीच काय आहे?

जुना लॅपटॉप पडून असेल तर पहिले काही महिने त्यावरच भागवा. सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट असतं आणि त्याची तुम्हाला खरोखर सवय होते का, हे कळायला पैसे घालवायची गरज नाही. मात्र जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवायचा विचार असेल तर विजेचा हिशेब आधी वाचा, तो पुढे दिला आहे.

कायमच्या सोयीसाठी रास्पबेरी पाय 4 पुरेसा आहे. संगीताला 1 किंवा 2 जीबी मेमरी भरपूर होते. दुकानदार 8 जीबीचा पुढे करेल, तो तुम्हाला नको आहे. पाय 3 मध्ये नेटवर्क आणि यूएसबी एकाच वाटेने जातात, पाय 4 मध्ये दोन्ही स्वतंत्र आहेत, म्हणून जुना स्वस्तात मिळाला तरी 4 बरा. पाय 5 वेगवान आहे, पण गाणी वाजवायला तो वेग कामाचा नाही आणि त्याच्या चार्जरची वेगळी भानगड आहे.

बोर्डाला साडेचार ते सहा हजार, मूळ कंपनीचा 3 अँपिअरचा चार्जर सात-आठशे, डबी चार-पाचशे, मेमरी कार्ड चार-पाचशे. म्हणजे सहा ते आठ हजारांत सर्व्हर उभा राहतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हे हिंडायचे पत्ते, आणि ऑनलाइन घ्यायचं तर पुण्याचंच रोबू आहे. चार्जरवर पैसे वाचवू नका. मोबाइलच्या चार्जरवर पाय सुरू होतो, पण डिस्क फिरायला लागली की व्होल्टेज खाली येतं आणि गाणं मध्येच थांबतं.

सॉफ्टवेअरमध्ये मूड ऑडिओ, पायकोअरप्लेअर आणि लिरिअन म्युझिक सर्व्हर हे तिन्ही विनामूल्य आहेत. लिरिअन म्हणजे पूर्वी लॉजिटेकच्या स्क्वीझबॉक्स यंत्रांसोबत येणारा सर्व्हर. कंपनीने ती यंत्रं 2012 मध्ये गुंडाळली, पण वापरणाऱ्यांनी सॉफ्टवेअर जिवंत ठेवलं. एकाच खोलीत एकच माणूस ऐकणार असेल तर मूड ऑडिओ, दोन-तीन खोल्यांत वेगवेगळं वाजायचं असेल तर लिरिअन. रून दिसायला देखणं आहे, पण त्याला महिन्याला 15 डॉलरच्या आसपास लागतात आणि शिवाय एक तगडा संगणक. त्याची मोठी मजा टायडल आणि कोबझ या सेवा त्यात मिसळण्यात आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहणाऱ्यांना ते परवडेल आणि पटेलही. भारतात या दोन्ही सेवा अधिकृतपणे मिळत नाहीत, मग भाडं कशाचं भरायचं?

डिस्क एक नव्हे, दोन

सीडीवरचा आवाज सेकंदाला 1,411 किलोबिट या दराने येतो. तासाभराची सीडी साधारण 635 एमबी भरते आणि फ्लॅक स्वरूपात उतरवली की 300 ते 400 एमबीवर येते, एक कणही न गमावता. तुमच्याकडे 400 सीडी असतील तर एकूण ऐवज 140 जीबीच्या घरात जातो. चार टीबीची डिस्क आणि दोन कप्प्यांचा नॅस (नेटवर्कवरची डिस्कपेटी) घ्या असं सांगणारा माणूस तुमच्या सीडी न मोजताच सांगत असतो.

एक टीबीची पोर्टेबल डिस्क पाच-सहा हजारांना पडते. तशा दोन घ्या. एक सर्व्हरला लावलेली राहील. दुसरी कपाटात, शक्यतो दुसऱ्याच घरी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यावर नवी प्रत. ही दुसरी डिस्क लोकांना सगळ्यांत जास्त जिवावर येते, कारण तिच्यातून आवाज काही येत नाही. पण 400 सीडी उतरवायला प्रत्येकी पाच ते दहा मिनिटं धरली तरी कित्येक रविवार जातात. डिस्क गेली की ते रविवार गेले. मग दहा हजारांचा डॅक आठ हजारांचा घ्या, पण दुसरी डिस्क घ्याच.

सीडी वाचायला यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह दीड ते अडीच हजारांना मिळतो. शेजारी किंवा मित्राकडे असेल तर मागून आणा, काम एकदाच करायचं आहे. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे विनामूल्य सॉफ्टवेअर ओरखडे पडलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी पडताळूनही पाहतं.

नावं भरताना एक पथ्य पहिल्या दिवशीच ठरवा. भीमसेन जोशी एका सीडीवर रोमन लिपीत, दुसरीवर देवनागरीत, तिसरीवर आधी 'पंडित' लावून आले की सर्व्हरच्या यादीत तीन वेगळे गायक उभे राहतात. कोणतीही एक लिपी, पदवी न लावता. रागाचं नाव ट्रॅकच्या नावातच टाका, म्हणजे 'मारवा' शोधलं की घरातले सगळे मारवे एका जागी दिसतील. इंटरनेटवरून आपोआप येणारी माहिती हिंदी सिनेसंगीताला बरी असते, शास्त्रीय संगीताला बहुतेक वेळा हातानेच दुरुस्त करावी लागते. पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

डॅक-ॲम्प: आधी हेडफोनकडे बघा

ॲम्प किती हवा हे हेडफोन ठरवतो. कानात घालायचे इअरफोन वापरत असाल तर वेगळ्या ॲम्पची गरजच नाही. उलट जोरदार ॲम्पला ते लावले की शांत जागी बारीक फसफस ऐकू येते. पारखायचं असेल तर संथ आलापाचं ध्वनिमुद्रण लावा, जिथे गायक थांबलाय आणि नुसता तानपुरा चालू आहे. मग गाणं थांबवा आणि आवाजाची कळ तिथेच ठेवा. तानपुरा गेला तरी मागे काही उरलं असेल तर तो ॲम्पचा स्वतःचा आवाज. दुकानात ही परीक्षा मिनिटभरात होते.

इअरफोनसाठी आणि सोप्या हेडफोनसाठी एक ते तीन हजारांचा डोंगल पुरतो. यूएसबीत खोचायचा, दुसऱ्या टोकाला हेडफोन लावायचा. ऑडिओ-टेक्निकाचा एम 50 एक्स 38 ओहमचा आहे, असले हेडफोन डोंगलवर आनंदाने वाजतात. सेनहायझरचा एचडी 650 हा 300 ओहमचा, म्हणून त्याला मोठा ॲम्पच लागतो असं सरसकट सांगतात. कंपनीच्या आकड्याप्रमाणे एक व्होल्टला तो 103 डेसिबल देतो. बरेच डोंगल एक ते दोन व्होल्ट देतात, म्हणजे रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला तेवढ्यावरही चालेल. पण आमच्याकडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांची पातळी खूप खाली असते, तिथे टेबलावरच्या ॲम्पची मोकळीक कामी येते.

अवघड जात वेगळी आहे. हायफायमनचा एचई 400 एसई फक्त 25 ओहमचा, पण एका मिलिवॉटला 91 डेसिबलच देतो. मोठी सम नीट उठायची तर त्याला 80 मिलिवॉटच्या आसपास पाजावे लागतात. नुसत्या ओहमवरून ॲम्प निवडू नये तो यासाठी. बायरडायनॅमिकचा डीटी 770 तर 32, 80 आणि 250 अशा तीन ओहमांत मिळतो. घरात सर्व्हर, फोन, लॅपटॉप सगळ्यांवर वापरायचा असेल तर 80 ओहमचा घ्या आणि मोकळे व्हा.

टेबलावरच्या जोड-यंत्रांचा शहाणपणाचा पट्टा दहा ते चौदा हजारांचा. फिओचा के 11 या पट्ट्यातला ओळखीचा नमुना. टॉपिंग आणि एसएमएसएल यांचीही या भावात यंत्रं असतात. वीस हजारांच्या वर जाताना तुम्ही जास्त शक्ती, रिमोट, ब्लूटूथ, धातूची जाड पेटी यांसाठी पैसे देता. ते चुकीचं नाही, फक्त 'आवाज उघडतो' म्हणून देऊ नका. आतली चिप ईएसएसची की एकेएमची यावर लोक तावातावाने बोलतात. डोळे बांधून ऐकवलं तर त्यातले किती जण ओळखतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

दोन गोष्टींसाठी तर एक रुपयाही जास्त देऊ नका. एक, पेटीवरचा एमक्यूए या ध्वनी-स्वरूपाचा शिक्का. ते काढणारी कंपनी 2023 मध्ये दिवाळखोरीच्या वाटेवर गेली आणि टायडलने पुढच्या वर्षी ते स्वरूप सोडून फ्लॅक धरलं. दुसरी, 4.4 मिलिमीटरचं बॅलन्स्ड भोक. शक्ती जास्त मिळते हे खरं, पण त्यासाठी हेडफोनची तार वेगळी घ्यावी लागते, दीड हजारांच्या पुढे, आणि ज्याला ती शक्ती लागतच नाही त्याच्या पदरात काही पडत नाही.

जोडणी आणि तिथली अडखळण

पायवर स्वतःचं 3.5 मिलिमीटरचं भोक असतं, पाय 5 वर तेही काढून टाकलंय. त्यात हेडफोन लावून 'सर्व्हरचा आवाज वाईट' असा निकाल देऊ नका. ते भोक कामचलाऊ आहे.

डॅकची तार पायच्या चौकोनी यूएसबी भोकात जाते. पायचं टाइप-सी भोक विजेसाठी आहे, तिथे डॅक लावायचा नाही. इथेच पहिली अडखळण. बऱ्याच डोंगलांना फक्त टाइप-सीचं टोक असतं. मग सी-मादी ते ए-नर असा अंगठ्याएवढा जोड लागतो, शंभर ते दीडशे रुपयांचा, आणि तो रविवारी संध्याकाळी कुठे मिळत नाही. हेडफोनला जाड पिन आणि डॅकला बारीक भोक असेल तर आणखी एक दीडशेचा जोड. यादी आधीच करा.

यूएसबी तार दोन-तीनशेची पुरते, पाच मीटरच्या आत ठेवा. आजचे डॅक डेटा स्वतःच्या घड्याळाने मागून घेतात, त्यामुळे चांदीचा मुलामा दिलेल्या पाच हजारांच्या तारेने आकडे अधिक शुद्ध होत नाहीत. ड्रायव्हरचीही कटकट नाही, लिनक्सला यूएसबी ऑडिओची दुसरी श्रेणी मुळातच कळते.

दुसरी अडखळण विजेची. पाय 4 चारही यूएसबी भोकांना मिळून 1.2 अँपिअर देऊ शकतो. पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना एकटीच बरंचसं खाते, आणि शेजारी यूएसबीवरच चालणारा डॅक असला की डिस्क टकटक करत बंद पडते आणि सर्व्हरवरची सगळी गाणी एकाएकी गायब होतात. लोकांना वाटतं डिस्क गेली. डिस्क ठणठणीत असते, तिला वीज पुरलेली नसते. उपाय दोन: स्वतःचा अडॅप्टर असलेला डॅक घ्या, किंवा स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब, बाराशे ते दोन हजार. पाय 5 तर 5 अँपिअरचा खास चार्जर नसेल तर यूएसबीला 0.6 अँपिअरवरच अडवतो.

सगळं जोडून झालं की मूड ऑडिओच्या सेटिंगमध्ये डॅकचं नाव निवडा आणि आवाजाचं नियंत्रण डॅकवरच्या गोल बटणाकडे द्या, म्हणजे सॉफ्टवेअर पूर्ण पातळी पाठवेल. हे फक्त बटण असलेल्या यंत्रावर करायचं. बिनबटणाच्या डोंगलवर हीच सेटिंग केली तर पहिलं गाणं पूर्ण ताकदीने कानात शिरेल. कुठलाही बदल केल्यावर हेडफोन आधी टेबलावर ठेवून गाणं सुरू करा. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्यांसाठीचा मापदंड आठवड्याला 40 तास 80 डेसिबल असा आहे, आणि हेडफोनवर ती पातळी केव्हा ओलांडली हे लक्षातही येत नाही.

सगळं बरोबर लागलंय का, हे डॅकच्या छोट्या पडद्यावर दिसतं. सीडीवरून उतरवलेलं गाणं लावल्यावर तिथे 44.1 आलं पाहिजे. 48 दिसलं तर मध्ये कुठेतरी सॉफ्टवेअर आकडे बदलतंय. आणि सलग वाजण्याची सोय चालू आहे ना, तेही पाहा. पुष्कळ सीडींवर बडा ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत बंदिश पुढच्यावर असते, गायन मात्र अखंड. मध्ये अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडला तर सगळी लय मोडते.

सर्व्हर राउटरजवळ हॉलमध्ये आणि तुमची खुर्ची आतल्या खोलीत असेल तर खुर्चीजवळ दुसरा छोटा पाय लागतो, अजून पाच-सहा हजार. वाय-फायची फार चिंता नको. 24 बिट 192 किलोहर्ट्झचं संगीतसुद्धा सेकंदाला साडेनऊ मेगाबिटच्या आत असतं, आपल्या सिमेंटच्या भिंतींतूनही तेवढं येतं.

महिन्याचं बिल

पाय साधारण 5 वॉट घेतो. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला 3.6 युनिट. सगळे आकार आणि कर धरून युनिटला 10 रुपये पकडले तर 36 रुपये. जुना डेस्कटॉप 60 वॉट घेत असेल तर 43 युनिट, म्हणजे महिन्याला 430 रुपये आणि वर्षाला पाच हजारांवर. शिवाय महावितरणच्या बिलात 100 युनिटांच्या पुढचा टप्पा महाग असतो, काठावरच्या घरांना हे 43 युनिट त्याच दराने पडतात. 'फुकटचा' डेस्कटॉप वर्षभरात जवळजवळ नव्या पायएवढे पैसे खातो.

वीज जाण्याचा प्रश्न वेगळा. पावसाळ्यात दिवसातून चारदा झटका बसणाऱ्या गावात मेमरी कार्ड बिघडतं आणि सर्व्हर पुन्हा उभा करावा लागतो. घरी इन्व्हर्टर असेल तर पाय त्याच्या ओळीवर घ्या. नसेल तर पायकोअरप्लेअर वापरा. ते सुरू होताना सगळं मेमरीत घेतं, कार्डावर सतत लिहीत बसत नाही, म्हणून झटके बऱ्यापैकी सोसतं. ते कसंही असलं तरी कार्ड तयार झालं की त्याची एक प्रत संगणकावर काढून ठेवा.

एकूण, आणि पावती

सगळं नव्याने घेणाऱ्याचा हिशेब असा: सर्व्हर सहा ते आठ हजार, दोन डिस्क दहा ते बारा हजार, डॅक-ॲम्प दहा ते चौदा हजार. सव्वीस ते चौतीस हजार, वर तारा आणि जोड यांचे पाच-सातशे. हेडफोन आणि सीडीचा ड्राइव्ह यात नाहीत. जुना लॅपटॉप, दोन हजारांचा डोंगल आणि दोन डिस्क अशी सुरुवात केली तर बारा ते चौदा हजारांत भागतं, आणि आवाजात तुम्ही फार काही गमावत नाही. उरलेले पैसे हेडफोनमध्ये घाला.

परदेशातून कोणी येणार असेल तर डॅक मागवायचा मोह होतो. किमतीत थोडा फरक पडतोही, पण बिघडल्यावर इथला वितरक हात वर करतो. भारतात घेताना जीएसटीची पावती, तिच्यावर यंत्राचा अनुक्रमांक आणि हमी कोण देणार हे लेखी घ्या: कंपनी, वितरक की नुसता दुकानदार. ऑनलाइन घेतलं तर खोकं उघडतानाचं चित्रण करून ठेवा. हमीत टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, तक्रार नोंदवताना पावती समोर असू द्या.

जुनं घेत असाल तर डॅक-ॲम्प बिनधास्त घ्या, त्यात झिजण्यासारखं फार थोडं असतं. आवाजाचं बटण सावकाश फिरवून खरखर येते का ते ऐका, हेडफोनची पिन भोकात हलवून एका बाजूचा आवाज जातो का ते पाहा, मूळ अडॅप्टर सोबत आहे ना ते विचारा. डिस्क मात्र कधीही जुनी घेऊ नका.